मशीनवर बीपी का पडतं आणि ते मनावर का घ्यायचं

डायलिसिस सुरू होऊन अडीच-तीन तास झालेत आणि खाटेवरचा माणूस एकामागून एक जांभया देतोय, तर त्याला झोप आली असेल असं धरून चालू नका. सिस्टरना हाक मारा. बीपी घसरायला लागल्याची ती बऱ्याचदा पहिली खूण असते. पाठोपाठ दरदरून घाम येतो, पोटरीत गोळे येतात, मळमळतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. कुणाचं पोट दुखतं, कुणी उगाच चिडतं. काहींना तर काहीच जाणवत नाही. दंडावरचा पट्टा फुगून सुटतो तेव्हाच कळतं की वरचं बीपी ८० वर आलंय.

पुढचं सगळ्या सेंटरांत जवळपास सारखंच. पायाची बाजू वर करतात, पाणी काढणं थांबवतात, शंभर-दोनशे मिली सलाईन सोडतात. पाच-दहा मिनिटांत चेहऱ्यावर रंग येतो. "बीपी लो झालं होतं, आता बरंय," असा घरी फोन जातो आणि विषय मिटतो.

तो तिथं मिटू देऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय. एखाद्या वेळी बीपी पडलं तर घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्यांचं वारंवार पडतं ते रुग्ण कमी जगतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि बीपी पडण्यामागची बरीचशी कारणं अशी आहेत की ती शोधता येतात, बदलता येतात. त्यासाठी महागडं औषध लागत नाही. लागतो तो वेळ, थोडं गणित आणि विचारायची हिंमत.

मराठवाड्यात ही गोष्ट आता बोलायलाच हवी. एके काळी किडनी निकामी झाली की औरंगाबाद, सोलापूर, पुणे नाहीतर हैदराबाद गाठावं लागायचं. पैसा आणि ताकद यांतलं जे आधी संपेल तिथं उपचार थांबायचे. २०१२ साली राज्याची जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत मशिनी येऊ लागल्या. उपचार जवळ आले. आता ते कसे होतात, हे बघायची वेळ आहे.

तीन लिटरची गोष्ट

किडनी बंद पडली की लघवी कमी होते किंवा थांबते. मग प्यालेलं पाणी, चहा, वरणातलं, भाजीतलं पाणी शरीरातच साठत जातं. डायलिसिसला दोन कामं करायची असतात: रक्तातला कचरा काढायचा आणि हे साठलेलं पाणी काढायचं. बीपी पडतं ते मुख्यतः या दुसऱ्या कामात.

साठ किलोच्या माणसाच्या शरीरात पस्तीसेक लिटर पाणी असतं. त्यातलं बहुतेक पेशींच्या आत आणि पेशींच्या मधल्या जागेत. रक्तवाहिन्यांत, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, असतं जेमतेम तीन लिटर. मशीनचा हात पोहोचतो तो थेट या तीन लिटरपर्यंतच. पायावरची सूज, छातीत भरलेलं पाणी मशीनला थेट ओढता येत नाही. तरीही चार तासांत तीन-तीन लिटर पाणी काढलं जातं, म्हणजे रक्तवाहिन्यांत जेवढं होतं जवळपास तेवढंच. माणूस तरतो कसा? कारण इकडून पाणी निघतं तसं तिकडून, पेशींच्या मधल्या जागेतून, रक्तवाहिन्यांत झिरपत राहतं.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. विहिरीला पाणी असतं, पण झरे बारीक असतात. पाच हॉर्सपॉवरची मोटर लावली की तासाभरात फुटबॉल (पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह) उघडा पडतो. पाणी जमिनीत असतंच, फक्त उपशाच्या वेगानं ते विहिरीत येत नाही. डायलिसिसमध्ये अगदी हेच होतं. सूज अजून पायावर दिसत असते आणि रक्तवाहिन्या मात्र रिकाम्या होत आलेल्या असतात. "अंगात एवढं पाणी आहे, मग बीपी कमी कसं?" हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर हे आहे.

झिरपण्याचा वेग सगळ्यांचा सारखा नसतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी रक्तवाहिन्यांकडे ओढून घेतं. ते कमी असलेल्या माणसाचं रक्त सावकाश भरून येतं. आपल्याकडे कितीतरी रुग्णांचं अल्ब्युमिन कमी असतं, कारण आजारात भूक गेलेली असते आणि पथ्याच्या नावाखाली डाळ, अंडं, दूध सगळंच बंद केलेलं असतं.

सुरुवातीला शरीर सावरून घेतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जोरात पळतं, बीपीचा आकडा टिकून राहतो. म्हणून पहिले दोन तास सगळं ठीक वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला एकदम कोसळतं. वीस-पंचवीस वर्षं शुगर असलेल्याच्या नसा कमजोर झालेल्या असतात, त्याच्या रक्तवाहिन्या वेळेवर आवळल्या जात नाहीत. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर ते जोर कुठून लावणार? सकाळीच बीपीची गोळी घेतली असेल तर रक्तवाहिन्या औषधानं सैल झालेल्या असतात. मशीनवर बसून डबा खाल्ला तर रक्त आतड्यांकडे वळतं. अंग तापलं तर कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात. त्यात आणखी एक भर: रक्तातलं युरिया झपाट्यानं कमी झालं की थोडं पाणी पेशींच्या आत सरकतं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या वाट्याला अजून कमी.

पाणी किती काढलं यापेक्षा किती वेगानं काढलं

हा भाग शांतपणे वाचा. लागल्यास कागद-पेन घ्या.

किती पाणी काढायचं हे मिलीमध्ये घ्या. त्याला रुग्णाच्या कोरड्या वजनानं (ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी अंगात नसतानाचं वजन) भागा. आलेल्या आकड्याला किती तास मशीनवर राहणार त्यानं भागा. जे येईल तो उपशाचा वेग, दर किलोमागे दर तासाला इतके मिली.

आता दोन माणसं घेऊ. दोघांच्याही अंगात साडेतीन लिटर पाणी जास्तीचं आहे, दोघंही चार तास मशीनवर आहेत. एकाचं वजन ८० किलो. त्याचा वेग येतो साधारण ११. दुसऱ्याचं वजन ५० किलो. त्याचा वेग साडेसतरा. तेच पाणी, तीच मशीन, तोच वेळ. पण दुसऱ्याच्या हृदयावर पडणारा भार कितीतरी जास्त.

जेनिफर फ्लाइथ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा वेग १३ च्या वर होता त्यांच्यात मृत्यूचं, विशेषतः हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. १० च्या वर गेलं तरी धोका वाढायला लागतो, असं त्याआधीच्या, अनेक देशांतल्या रुग्णांच्या अभ्यासानं दाखवलं होतं. म्हणजे १३ ही काही लक्ष्मणरेषा नाही, बारावर सुरक्षित आणि चौदावर धोका असं नसतं. पण हाताशी धरायला तो आकडा बरा आहे. पन्नास किलोच्या माणसाचे चार तासांत १३ च्या वेगानं निघतात २ लिटर ६०० मिली. दहाच्या वेगानं फक्त २ लिटर.

आपले बहुतेक रुग्ण पन्नास किलोच्या अलीकडे-पलीकडेच असतात. शेतमजूर, ऊसतोड कामगार, त्यात आजारानं खंगलेले. बायका तर चाळीस-बेचाळीस किलोच्या. "तीन लिटर तर काढतोच आपण सगळ्यांचं," हे वाक्य अशा माणसांना परवडत नाही. मला वाटतं, या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: बारीक अंगाच्या माणसाला तेवढंच पाणी काढायला जास्त वेळ लागतो.

आणि नेमका वेळच आपण कमी करतो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे, पण तिच्याकडे कुणी उपचाराचा भाग म्हणून बघत नाही. दुपारच्या शिफ्टचा रुग्ण तालुक्याच्या पलीकडच्या गावाहून आलेला असतो. मुक्कामी गाडी साडेसहाला सुटते, ती चुकली तर रात्र स्टँडवर. म्हणून तो म्हणतो, "सिस्टर, अर्धा तास लवकर सोडा." पुढचा रुग्ण बाहेर थांबलेला असतोच. सोडतात. वरच्याच उदाहरणात चाराऐवजी साडेतीन तास केले तर साडेसतराचा वेग २० होतो. त्याउलट पाच तास दिले तर १४ वर येतो. त्या अर्ध्या तासासाठी शिफ्ट बदलून मागणं, सकाळची पाळी मिळवणं, हे गोळी-औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

यात दोष रुग्णाला देऊ नये. आपल्याकडे पुष्कळांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होतं, तीनदा व्हायला हवं असताना. मग दोन डायलिसिसमध्ये तीन-चार दिवसांचं अंतर पडतं आणि तेवढ्या दिवसांचं पाणी एका बैठकीत काढावं लागतं. अंतराचा परिणाम जगण्यावर किती होतो ते २०११ मध्ये अमेरिकेतल्या ३२ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. तिथं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यामुळे एकदाच दोन दिवसांची सुट्टी पडते. त्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त होतं. तिथं दोन दिवसांच्या सुट्टीनं ही गत. ज्यांना लघवी चांगली होते त्यांना आठवड्यातून दोनदा पुरतंही, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. योजनेत बसतं म्हणून किंवा मशीन रिकामी नाही म्हणून ठरायला नको.

बीपी पडतं तेव्हा आत काय होतं

हृदयाला स्वतःचं रक्तही लागतं. बीपी घसरलं की हृदयाच्या स्नायूंना मिळणारं रक्त कमी होतं. ब्रिटनमधल्या डर्बी इथं क्रिस्तोफर मॅकिंटायर यांच्या गटानं डायलिसिस चालू असतानाच रुग्णांच्या हृदयाची सोनोग्राफी केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७० पैकी ६४ टक्के रुग्णांच्या हृदयाचे काही भाग डायलिसिसदरम्यान नीट आकुंचन पावत नव्हते, जणू सुन्न झाले होते. छातीत दुखलं असं बहुतेकांनी म्हटलंही नव्हतं. जितकं जास्त पाणी काढलं आणि जितकं बीपी पडलं, तितकं हे प्रमाण जास्त. असं सुन्न होणं पुन्हा पुन्हा घडत गेलं की तो भाग कायमचा कमजोर होतो. वर्षभरानंतर याच रुग्णांचं हृदय जास्त थकलेलं निघालं आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले.

मेंदूलाही झळ पोहोचते. डायलिसिसनंतर दिवसभर सुस्ती, काही सुचत नाही, विसरायला होतं, याला वय आणि किडनीचा आजार कारण असतोच, पण वारंवार रक्त कमी पडणं हेही त्यात आहे. बीपी पडलेलं असताना फिस्टुलातला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात ऑपरेशननं जोडलेल्या रक्तवाहिनीतला) रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि तो गोठून बंद पडण्याची शक्यता वाढते. एका फिस्टुलासाठी केलेली धावपळ, ऑपरेशन, तो पिकायची वाट बघणं ज्यांनी सोसलंय त्यांना त्याची किंमत माहीत आहे. आणि किडनीत जी थोडीफार धुगधुगी उरलेली असते, दिवसाला पाव-अर्धा लिटर लघवी होत असते, तीही अशा झटक्यांनी लवकर जाते. ती गेली की साठणारं पाणी वाढतं.

इथून चक्र सुरू होतं. बीपी पडलं, सलाईन दिलं, पाणी काढणं थांबवलं. रुग्ण घरी गेला तो ठरल्यापेक्षा लिटरभर जास्त पाणी अंगात घेऊन. पुढच्या वेळी तेही काढायचं असतं, म्हणून वेग आणखी वाढवावा लागतो, म्हणून बीपी पुन्हा पडतं.

मग बीपी पडणं हे मृत्यूचं कारण आहे, की आधीच कमजोर झालेल्या हृदयाची खूण? प्रामाणिक उत्तर असं की दोन्ही. जपानमधल्या १,२४४ रुग्णांच्या अभ्यासात (२००४) डायलिसिसदरम्यान बीपी जितकं खाली गेलं तितका पुढच्या दोन वर्षांतला मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. डायलिसिस संपल्यावर उभं राहताना बीपी पडणाऱ्यांनाही तसाच धोका. २०१५ मध्ये फ्लाइथ यांच्याच गटानं दहा हजारांवर रुग्णांच्या नोंदी लावून पाहिल्या, की बीपी पडण्याच्या वेगवेगळ्या व्याख्यांपैकी कोणती मृत्यूशी सर्वांत जवळून जोडलेली आहे. निघालं ते सोपं होतं: वरचं बीपी ९० च्या खाली जाणं. सुरुवातीलाच ज्यांचं बीपी १६० किंवा त्यापुढं असतं, त्यांच्यासाठी १०० च्या खाली. रुग्णाला त्रास जाणवला की नाही, यानं फरक पडला नाही. म्हणून "मला काही झालं नाही" एवढ्यावर समाधान मानू नये. आकडा बघावा.

पण हे सगळे नोंदींवरून काढलेले निष्कर्ष आहेत. बीपी पडू दिलं नाही तर माणूस नक्की जास्त जगेल, असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. मशीनमधलं द्रावण, म्हणजे रक्तातला कचरा ज्यात उतरतो ते पाणी, थोडं गार ठेवलं की रक्तवाहिन्या आवळून राहतात आणि बीपी कमी पडतं, असं छोट्या अभ्यासांत दिसलं होतं. त्यामुळे मोठी आशा होती. कॅनडात ८४ केंद्रांत पंधरा हजारांवर रुग्णांवर हे चार वर्षं करून पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला: सरसकट सगळ्यांचं द्रावण गार केल्यानं हृदयविकाराचे मृत्यू किंवा त्यासाठी दवाखान्यात दाखल होणं कमी झालं नाही, रुग्णांना थंडी मात्र जास्त वाजली. ज्याचं बीपी नेहमी पडतं अशा एखाद्यासाठी डॉक्टर आजही तापमान कमी करून बघतात आणि ते योग्यच आहे. पण एक बटण फिरवून प्रश्न सुटत नाही, हे त्यातून कळलं.

मीठ, तहान आणि शेजाऱ्यांचे सल्ले

पाणी कमी प्या, असं प्रत्येकाला सांगितलं जातं. मे महिन्यात बेचाळीस अंशांत हे सांगणं सोपं आणि पाळणं महाकठीण. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागातल्या माणसाला घोटाचा हिशोब शिकवायची गरज नाही. पण तहानेशी नुसत्या निग्रहानं लढता येत नाही, कारण तहान मिठामुळे लागते. अंदाजे आठ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवतं. रोज आठ ग्रॅम मीठ पोटात जात असेल तर चार दिवसांत चार लिटरची सोय झाली. घामावाटे आणि उरलेल्या लघवीतून त्यातलं थोडं जातं, पण बरंचसं राहतं. हेच मीठ पाच ग्रॅमवर, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यावर आणलं तर अडीच लिटर. दीड लिटरचा फरक. पन्नास किलोच्या माणसाला तो बीपी पडण्या-न पडण्याचा फरक आहे.

ज्वारीची भाकरी या बाबतीत आपली मोठी मदत आहे, तिच्यात मीठ नसतं. अडचण भाकरीबरोबरच्या ठेच्यात, लोणच्यात, पापडात, कुरडईत, आणि चहाबरोबरच्या खारीत, टोस्टात, शेव-फरसाणात. सैंधव मीठ चालतं, असा एक समज पक्का आहे. चालत नाही, त्यातही सोडियम तेवढंच. आणि बाजारात कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ तर हातही लावू नये असं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी बंद असलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं.

इथंच सगळ्यात घातक सल्ला येतो आणि तो प्रेमानं दिलेला असतो. आप्पा डायलिसिसहून आले, बीपी लो झालं होतं म्हणे. मग शेजारची मावशी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून आणते, पाव्हणे शहाळं घेऊन येतात, कुणी मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणतं. उन्हानं चक्कर आलेल्या धडधाकट माणसाला हे सगळं ठीक आहे. डायलिसिसच्या रुग्णाला मिठाचं पाणी म्हणजे पुढच्या वेळेचा जास्तीचा उपसा, आणि शहाळं किंवा ओआरएस म्हणजे पोटॅशियम. माणसं दुखावतील म्हणून गप्प राहू नका. हात जोडून सांगा, पण देऊ नका.

पाण्याचा ढोबळ नियम असा की चोवीस तासांत जेवढी लघवी होते, त्याच्यावर अर्धा लिटर. चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं त्यातच. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्याला, खूप घाम जाणाऱ्याला हा आकडा डॉक्टर बदलून देतात. एक बाटली ठरवून त्यातूनच प्यायलं की हिशोब राहतो, तांब्यानं प्यायलं की राहत नाही.

वजन नेमकं कुणाचं वाढलं

ड्राय वेट म्हणजे जास्तीचं पाणी अजिबात नसताना असलेलं वजन. मशीनला दिलेला पाणी काढण्याचा आकडा यावरूनच ठरतो. आणि तो फाइलवर एकदा लिहिला की महिनोन् महिने तसाच चालतो, ही मोठी अडचण आहे. माणूस तसाच राहत नाही.

समजा डायलिसिस मानवलं, भूक लागायला लागली, दिवाळीपर्यंत दोन किलो खरं मांस चढलं. फाइलवर जुनंच ड्राय वेट असेल तर मशीन ते दोन किलो पाणी समजून काढायला जाईल. नसलेलं पाणी काढलं की बीपी पडणारच, गोळे येणारच. उलटंही होतं. उन्हाळ्यात अन्न जात नाही, किंवा टायफॉइड होऊन माणूस दोन किलोंनी वाळला. वजन तेवढंच दिसतं, कारण मांसाची जागा पाण्यानं घेतली. मग रात्री आडवं झालं की दम लागतो. ज्याचं बीपी आजवर कधी पडत नव्हतं आणि आता दर वेळी पडतंय, त्याच्यासाठी पहिला प्रश्न हाच: "डॉक्टर, ड्राय वेट पुन्हा बघायचं का?" वजन करताना स्वेटर, चपला, खिशातला मोबाइल हेही दर वेळी सारखंच असू द्या. एक किलोची चूक म्हणजे एक लिटर.

बीपीच्या गोळ्यांचंही असंच. डायलिसिसच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची, नंतर घ्यायची की रात्री, हे रुग्णागणिक वेगळं असतं. ज्याचं बीपी मशीनवर वाढतं त्यानं गोळी चुकवली तर वेगळंच संकट. शेजारच्या खाटेवरच्याला सांगितलेलं ऐकून स्वतःची गोळी बंद करू नये, पण विचारल्याशिवायही राहू नये. डबा मशीनवर न खाता आधी किंवा नंतर खाण्याचा फायदा मात्र ज्याचं बीपी पडतं त्याला बहुधा लगेच दिसतो. शुगरच्या रुग्णानं जेवणाची वेळ हलवण्याआधी इन्सुलिनचं विचारून घ्यावं.

बीपी पहिल्यांदाच आणि अचानक पडलं, किंवा पाणी फारसं काढलेलं नसतानाच पडलं, तर कारण पाण्यात शोधू नये. हार्ट अटॅक, हृदयाभोवती साठलेलं पाणी, कुठंतरी चालू असलेला रक्तस्राव, कॅथेटरमधून (डायलिसिससाठी रक्तवाहिनीत बसवलेल्या नळीतून) शिरलेला जंतुसंसर्ग, यातलं काहीही असू शकतं. छातीत दुखणं, थंडी वाजून ताप, काळी शौच यातलं काही असेल तर सलाईननं बीपी वर आलं तरी त्या दिवशी घरी जाऊ नये. आणि मशीनवर चढण्याआधीच ज्यांचं वरचं बीपी कायम शंभराच्या आत असतं, त्यांची इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) व्हायलाच हवी. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांकडे त्यासाठी चिठ्ठी मागता येते.

सगळं करूनही बीपी पडतच राहिलं तर डॉक्टर मिडोड्रीनसारखी गोळी डायलिसिसच्या अर्धा तास आधी देतात. ती आकडा सावरते, पण तिनं आयुष्य वाढतं असा ठोस पुरावा नाही, म्हणून ती शेवटच्या उपायांत धरावी. काही ठिकाणी मशीनमधल्या द्रावणातलं सोडियम वाढवतात. त्यानं तेवढ्या वेळेपुरतं बीपी टिकतं, पण तहान लागते आणि पुढच्या वेळी वजन जास्त भरतं.

जास्त वेळ देणं हा उपाय सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरलेला. फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या तासँ इथं आठवड्यातून तीनदा आठ-आठ तास सावकाश डायलिसिस आणि कमी मिठाचं जेवण अशी पद्धत वर्षानुवर्षं चालली. १९९२ मध्ये तिथल्या ४४५ रुग्णांचा अहवाल आला, त्यात पाच वर्षांनी ८७ टक्के आणि दहा वर्षांनी ७५ टक्के रुग्ण जिवंत होते. ते रुग्ण तुलनेनं तरुण, शुगर कमी असलेले होते, त्यामुळे सगळं श्रेय वेळेला देता येणार नाही. आठ तास आपल्या सेंटरांना जमणारही नाहीत. पण चाराचे साडेचार, पाच जमतात. किंवा आठवड्यात दोनाऐवजी तीन पाळ्या. वजन जास्त भरलेल्या दिवशी सगळं पाणी एकाच दमात न काढता दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं, हेही करता येतं. त्यासाठी रुग्णाच्या घरच्यांनी सुरुवातीलाच विचारावं लागतं: "सिस्टर, आमच्या आप्पांचं आज किती काढणार? किती तासांत?" आणि आकडा तेरापुढं जात असेल तर, "थोडं कमी काढून जास्त वेळ ठेवता येईल का?" हे विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही. चांगल्या सेंटरातले टेक्निशियन असं विचारणाऱ्याला ओळखून राहतात.

ज्यांचं हृदय मशीनचा वेग सोसतच नाही त्यांच्यासाठी पोटाचं डायलिसिस आहे. पोटात नळी बसवून दिवसातून तीन-चार वेळा द्रावण भरायचं-काढायचं. पाणी दिवसभर थोडं थोडं निघतं, त्यामुळे बीपी सहसा कोसळत नाही. घरी करता येतं, गाडी गाठायची नसते. स्वच्छता मात्र काटेकोर पाळावी लागते, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो, आणि द्रावणाच्या पिशव्यांचा पुरवठा नियमित लागतो. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून याचाही समावेश आहे. मशीनवर दर वेळी बीपी पडणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांनी नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) याबद्दल एकदा तरी थेट विचारावं. नळी बसवायला छोटं ऑपरेशन लागतं आणि ते पोट बरं होऊन वापरायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून प्रकृती अगदी ढासळायची वाट न बघता आधीच विचारलेलं बरं.